राघूच्या भागीचं इरलं

भागीकाकीचा समोरचा एक दात अर्धा होता. कुठून सुरुवात करावी ते मला नीट कळत नाही, म्हणून त्या दातापासूनच करते. तो तिने कधी लपवला नाही. नवीन माणूस ओट्यावर येऊन बसलं आणि त्याची नजर दातावर गेली की ती आपणहून सांगायची, "हा माथ्यानं घेतलाय."

ज्यांनी इरलं पाहिलेलं नाही त्यांना हे कळायचं नाही. आमच्या डोंगरातल्या बायका पूर्वी भात लावायला जाताना पाठीवर इरलं घेत. बांबूच्या कामट्यांची दुहेरी जाळी, मध्ये पळसाची पानं दाबून बसवलेली. पालथी नाव डोक्यापासून कमरेपर्यंत ठेवावी तसं ते दिसतं. हात मोकळे राहतात आणि वाकलेली पाठ कोरडी राहते. वरच्या टोकाला सगळ्या कामट्या एकत्र येतात आणि एका पातळ पट्टीने बांधल्या जातात. ती जागा म्हणजे माथा. माथा नीट नसला की पाणी थेट मानेवर उतरतं. काकी माथा बांधताना पट्टीचं टोक दातात धरून ओढायची. एकदा पट्टी तुटायच्या ऐवजी दात तुटला. त्या दिवशीही तिने आधी माथा पुरा केला आणि मग चूळ भरली, असं माझी आई सांगते.

कापडे गावाच्या वरच्या अंगाला आमची वाडी. काकीची आणि आमची भिंत एक. तिचा नवरा मला आठवत नाही. मुलगा संतोषदादा महाडच्या औद्योगिक वसाहतीत शिफ्टला जातो. काकी माहेरची पाचाडच्या वरच्या एका वाडीतली. तिच्या बापाचं नाव राघू. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, नातवंडं शाळेत जायला लागली, तरी इरल्याच्या बाबतीत ती स्वतःला 'राघूची भागी'च म्हणायची. इरलं करणारी बाई आमच्या भागात दुसरी नव्हती. हे पुरुषांचं काम. तिला भाऊ नव्हता, म्हणून बापाने तिला हाताशी घेतलं आणि ती शिकली.

आता लावणीला सगळ्याजणी प्लॅस्टिकच घेतात. माझी आईसुद्धा. तरी दरवर्षी चार-दोन म्हाताऱ्या बायका काकीकडे यायच्याच. त्यांना प्लॅस्टिकखाली उकडतं. बाई आली की काकी तिला अंगणात न्यायची आणि म्हणायची, "वाक." ती बाई लावणीला वाकते तशी वाकायची आणि काकी तिच्या पाठीवर वितीने माप घ्यायची. उभ्या माणसाचं माप तिने कधी घेतलं नाही. उभं राहून कोण लावणी करतो, असं तिचं म्हणणं.

एकदा महामार्गावरच्या कुठल्याशा हॉटेलचा माणूस गाडी घेऊन वाडीत आला. त्याला भिंतीवर शोभेला लावायला इरली हवी होती. काकीने त्याला नेहमीप्रमाणे अंगणात उभं केलं आणि वाकायला सांगितलं. तो वाकला बिचारा. घट्ट पँट होती, गॉगल खाली पडला. आमच्या अंगणात पोरं जमून हसायला लागली. मग त्याने सांगितलं की आजी, हे कुणी घालणार नाही, टांगायचंय. काकीने विती आवरल्या.

"मग भिंतीचं माप आण की. तू कशाला वाकलास माझ्यापुढं?"

तो पुन्हा आला नाही. काकीला त्याचं वाईट वाटलं असावं, कारण नंतर बरेच दिवस ती विचारायची, त्या गॉगलवाल्याला लागलं तर नाही ना.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. काहीही बिघडलं की ती म्हणायची, "जोर कमी पडला." एसटी घाटात बंद पडली, जोर कमी पडला. गाय गाभण राहिली नाही, जोर कमी पडला. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षी माझा एक विषय राहिला तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही, कारण विषय राहतो म्हणजे नेमकं काय होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. काकीने मात्र कोयत्याने बांबू फोडता फोडता मान वर न करता निकाल दिला. "जोर कमी पडला गो तुझा." मला रडू आलं. पण त्या वेळी घरी-दारी त्याबद्दल कुणीतरी बोललं, हेही बरं वाटलं.

हे वाक्य कुठून आलं ते मला पुढे कळलं. पळसाची पानं निवडायला मी तिच्या ओट्यावर बसायचे तेव्हा ती बापाची गोष्ट सांगायची. दर वेळी तीच, आणि दर वेळी थोड्या रागाने.

बापाने तिला सगळं शिकवलं. बांबू कुठला घ्यायचा, कामटी किती पातळ काढायची, जाळी कशी विणायची, पानं कशी लावायची, सगळं. फक्त माथा शिकवला नाही. इरलं माथ्यापर्यंत आलं की तो म्हणायचा, "भागे, जा, पाणी आण." घरात भरलेला हंडा असला तरी पाठवायचा. झरा खाली दूर होता. ती उतारावरून धावत जायची आणि अर्धा हंडा सांडत धावत परत यायची, त्याला माथा बांधताना पकडायला. पण परत येईपर्यंत माथा बांधून झालेला असायचा आणि बाप ओट्यावर बसून पंच्याने घाम पुसत असायचा. छाती भात्यासारखी वरखाली होत असायची.

"एवढा घाम," काकी म्हणायची. "जाळी विनताना नाय, बांबू फोडताना नाय. माथ्यालाच. तेव्हाच मी वळखलं, माथ्याला खरा जोर लागतो."

का शिकवलं नाही, हे तिला विचारावं लागायचं नाही. ती सांगायचीच. मुलगी दुसऱ्या गावात जाणार, माथा तिकडे घेऊन जाणार. आपल्या वाडीची वस्तू दुसऱ्याच्या वाडीला कशाला द्यायची? लग्न झाल्यावर तिने स्वतःच्या डोक्याने एक माथा बसवला. कोरडी पट्टी, तीन वेढे, आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर. ओली पट्टी वाळल्यावर ढिली पडेल अशी तिला भीती होती. तिची इरली गळत नसत. पण बापाचा माथा असाच होता का, हे तिला कळायला मार्ग नव्हता. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा ती माहेरी गेली होती. त्याला म्हणाली, आता तरी सांग. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. ती तशीच उठून निघून आली. एवढं सांगून झालं की ती पानं जरा जास्तच जोरात झटकायची.

मग तिला मूत्रपिंडाचा आजार झाला. आधी पाय सुजले, मग तोंड, मग जेवण जाईना. महाडच्या दवाखान्यात मानेत नळी घातली आणि आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस सुरू झालं. संतोषदादाची शिफ्ट बदलती, वहिनीला लहान मुलं. मी सकाळच्या एसटीने महाडलाच कॉलेजला जायचे, म्हणून काकीला सेंटरवर पोहोचवायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. परतताना दादा तिला मोटारसायकलवर पुढे बसवून, धरून आणायचा. दुपारी ती उतरायची तेव्हा तिच्या अंगात काही उरलेलं नसायचं. उंबऱ्यापर्यंत जायचं म्हटलं तरी मध्ये एकदा टेकायची.

मला त्या दिवसांचा थकवाच जास्त आठवतो. तिचा, आणि खरं सांगायचं तर माझाही. एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकायची आणि मी मांडीवर पुस्तक उघडून एकच ओळ महाडपर्यंत वाचत राहायचे. तिला पाणी बेताचंच प्यायची परवानगी होती. एवढ्या पाण्याच्या मुलखात राहून तिची जीभ कोरडी असायची. ती तक्रार करत नसे. फक्त नदीवरच्या पुलावरून गाडी गेली की डोळे उघडून खाली बघायची आणि पुन्हा मिटायची.

पुढे तिच्या डाव्या हाताचं लहानसं ऑपरेशन करून शिरा जोडल्या, मानेतली नळी नंतर काढता यावी म्हणून. त्या हाताला बोट लावलं की आत काहीतरी घुमल्यासारखं लागायचं. काकीने माझा हात धरून तिथे ठेवला.

"कळतंय? भुंगा शिरलाय. बांबूत शिरतो तसा."

डॉक्टरांनी त्या हाताला जोर द्यायला बंदी केली. वजन नाही, ओढणं नाही. ती जाळ्या विणत राहिली, हळूहळू, कामट्या मांडीवर घेऊन. पण माथा जोराशिवाय बांधता येत नाही, म्हणून इरली माथ्यावाचूनच वळचणीला जाऊन बसली. एकावर एक, वरून उघडी. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझ्यात जोर कमी पडला." पूर्वी ती हे वाक्य हसत म्हणायची.

मेळाव्याची बातमी मीच आणली, कॉलेजच्या फलकावरून. महाडच्या एका हॉलमध्ये बांबूकाम करणाऱ्या जुन्या कारागिरांना एकत्र बोलावलं होतं. टोपल्या, सुपं, कणग्या आणि इरलीसुद्धा. येणाऱ्यांमध्ये पाचाडकडचे धाकूबाबा होते. काकी नाव ऐकून ताठ बसली. धाकू तिच्या बापाचा सोबती, पलीकडच्या बांधावर त्याचं घर. राघू गेल्यावर काही वर्षांनी तो मुलाकडे लांब गुजरातला गेला, तो परत आलाच नव्हता. राघूचा माथा पाहिलेला एवढा एकच माणूस उरला होता.

मेळावा दोनदा पुढे गेला. एकदा पावसाने हॉलमध्ये पाणी शिरलं म्हणून, एकदा निवडणूक आली म्हणून. मधल्या काळात मी आयोजकांकडून धाकूबाबांच्या नातवाचा नंबर मिळवला आणि व्हिडिओ कॉल लावून दिला. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग पंखा, मग एक कान. दोघं बराच वेळ एकमेकांना "आवाज येतोय का" एवढंच विचारत होते. शेवटी काकीने मुद्द्यावर येऊन माथ्याचं विचारलं. पडद्यावर पुन्हा नुसता पंखा दिसला. मग म्हातारा म्हणाला, फोनवर काय दावू, समोर ये. काकी म्हणाली, येते. फोन बंद झाल्यावर तिने मला सांगितलं की तोही बापासारखाच चिकट आहे. पण तिचा चेहरा किती दिवसांनी फुललेला होता.

तिसऱ्यांदा तारीख ठरली ती रविवारची. रविवारी डायलिसिस नसतं. काकीने हिरवं लुगडं धुऊन उशाखाली घडी घालून ठेवलं. न्यायचं इरलं ठरलेलं होतं, हाताच्या ऑपरेशनच्या आधी स्वतः माथा बांधलेलं शेवटचं. दवाखान्यातल्या सिस्टरांना तिने इतक्या वेळा सांगितलं होतं की तिला पाहिल्या पाहिल्या त्याच विचारायच्या, "काय आजी, रविवारची तयारी झाली का?"

शुक्रवारी मशीनवर असतानाच तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले, ब्लँकेटवर ब्लँकेट घातलं तरी थांबेना. डॉक्टर म्हणाले नळीतून संसर्ग झालाय, भरती करावं लागेल. शनिवारी ताप थोडा उतरला तेव्हा ती डॉक्टरांशी घासाघीस करायला लागली. हॉल इथून हाकेच्या अंतरावर आहे, दोन तास सोडा. मग एक तास. मग म्हणाली, नुसतं दारापर्यंत जाते, तो म्हातारा बाहेर येईल. डॉक्टर तरुण होते. त्यांनी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसून समजावलं की तुमचं ब्लडप्रेशर उभं राहिल्यावर टिकत नाही, तुम्ही दारापर्यंत पोहोचणार नाही.  मग तिने मान डोलावली.

डॉक्टर गेल्यावर, आदल्या दिवशी घरून मागवून घेतलेलं लुगडं तिने संतोषदादाला परत न्यायला सांगितलं. मला म्हणाली, "तू जा. इरलं ने. त्याला माथा दाव आणि इचार, राघूचा असाच होता का. बाकी काय नको."

मी म्हटलं, तुझ्याजवळ थांबते. खरं तर मला जायची भीती वाटत होती. तिथे काय बोलायचं, कुणाला काय म्हणायचं, मला हे जमत नाही.

"जा गो," ती म्हणाली. "माझ्याजवळ थांबून तुला कोन माथा दावनारंय?"

रविवारी दादाने इरलं मोटारसायकलला बांधून आणलं. मी ते डोक्यावर घेऊन बाजारातून चालत गेले. लोक वळून बघत होते. हॉलमध्ये खुर्च्या भरल्या होत्या, मंचावर भाषण चालू होतं आणि कडेने भिंतीला लागून कारागीर आपापल्या वस्तू मांडून बसले होते. सुपांना, टोपल्यांना ओल्या बांबूचा वास. काही जण फोटो काढत होते. माकडटोपी घातलेला एक बारका म्हातारा कोपऱ्यात सतरंजीवर बसला होता, शेजारी त्याचा नातू. समोर बादलीत पाणी आणि त्यात भिजत घातलेल्या पट्ट्या.

मी इरलं समोर ठेवलं. काही बोलायच्या आधीच धाकूबाबांनी ते उलटं केलं आणि माथ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा.

"हे कुनी बांधलं?"

"राघूच्या भागीने."

"बैल बांधायचाय काय तिला?" मग माझ्या मागे बघत म्हणाले, "कुठाय ती?"

मी सांगितलं. नळी, ताप, सगळं. ते ऐकताना त्यांचा अंगठा माथ्यावरच होता. मग मी काकीने सांगितलं होतं ते विचारलं, राघूचा माथा असाच होता का. आणि विचारता विचारता, कसं कोण जाणे, तो झरा, तो हंडा, न शिकवल्याचा राग, हेही बोलून गेले.

धाकूबाबा मंचाकडे बघत बसले. तिथे कुणाचा तरी सत्कार चालला होता. टाळ्या थांबल्यावर ते बोलले.

"राघूला माथा येत नव्हता, पोरी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हात चांगला होता त्याचा. जाळी माझ्यापरास सरस. पन माथा जन्मात जमला नाय. पोरगी पान्याला गेली की हा इरलं डोक्यावर घेऊन बांधावरनं पळत यायचा. धाकू, लवकर कर, पोर येईल, म्हनायचा. मी बांधून द्यायचो, की हा परत पळायचा. पोर यायच्या आत ओट्यावर बसायला पायजे ना." ते जरा हसले. "मी म्हनायचो, सांग की तिला, येत नाय म्हनून. तर म्हनायचा, तिला वाटतं बापाला सगळं येतं. ऱ्हाऊ दे तेवढं."

फोनवर का सांगितलं नाही, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

त्यांनी बादलीतली एक पट्टी काढली आणि नातवाला आपलं एक उघडं इरलं धरायला लावलं. काकीचा माथा त्यांनी उकलला नाही. या इरल्यावर दाखवलं. मी मोबाइलवर ते टिपून घेतलं. ओली पट्टी दोनदा फिरवली, टोक आत सरकवलं आणि हात बाजूला घेतले. झालं. माझा विश्वास बसेना.

"आपन आवळायचं नाय," ते म्हणाले. "वाळताना ती आपलीआपन आवळते. जोर लावला की उलट तुटते."

निघताना मी विचारलं की राघूबाबांचं काकीला सांगू का. त्यांनी टोपी सारखी केली. "मी त्याला कबूल केलं होतं, बोलनार नाय म्हनून. आता तुझ्याकडं बोललो. पुढचं तुला काय वाटंल ते."

मला काय वाटेल ते. मला काहीच ठरवता येत नव्हतं. इरलं डोक्यावर घेऊन मी बाजारपेठेतून दवाखान्याकडे फारच सावकाश गेले. एकदा वाटलं की फक्त माथा दाखवावा. मग वाटलं, बापाने आपल्याला मुलगी म्हणून दिलं नाही, हे मनात धरून एखादी बाई म्हातारी झाली असेल, तर ते तसंच ठेवण्याचा अधिकार मला कुणी दिला? आणि मोडण्याचा तरी कुणी दिला?

वॉर्डमध्ये काकी उशाला टेकून बसली होती, सलाईन चालू होतं. तिने आधी विचारलं की गर्दी होती का, चहा मिळाला का. मग इरल्याकडे बघून म्हणाली, "दिसला का त्याला?"

मी मोबाइल तिच्यापुढे धरला. बघताना तिच्या उजव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. चित्र संपलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"पुन्ना लाव."

मी पुन्हा लावलं. या वेळी बोटं हलली नाहीत. ती म्हणाली, "हा धाकूचा. राघूचा कसा होता, इचारलंस?"

तेव्हा मी सांगितलं. जसं ऐकलं तसं, बांधावरनं पळत जाण्यासकट. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, सलाईनच्या थेंबांकडे बघत होते. 

"म्हंजे तो घाम..."

"पळाल्याचा," मी म्हटलं.

आधी मला वाटलं तिला ठसका लागला. ती हसत होती. अर्धा दात दिसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, खांदे हलत होते. "अगो आई," म्हणत होती, "अगो आई, आनि मी दात तोडून घेतला." शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. सिस्टर धावत आल्या, नळी बघितली, ब्लडप्रेशर बघितलं, मला रागावल्या. काकी त्यांनाही सांगायचा प्रयत्न करत होती, पण हसण्यामुळे तिला सांगता येत नव्हतं.

मग ती दमली. अंग टाकून दिलं. सिस्टर गेल्यावर हळू आवाजात म्हणाली, "भिंतीकडं तोंड फिरवलंन त्यानं. मला वाटलं, देत नाय."  थोड्या वेळाने तिनेही भिंतीकडे तोंड केलं. मी इरलं खाटेखाली सरकवलं आणि तिच्या पायांवरची चादर नीट केली.

त्यानंतर ती वाडीत परत आली, पण सावरली असं म्हणता येणार नाही. काकी आता नाही. पावसाच्या तोंडावर ती गेली तेव्हा मी पुढच्या शिक्षणासाठी बाहेर होते, आईचा फोन आला. मला पोहोचता आलं नाही. म्हणून मी तिला शेवटचं पाहिलं ते उन्हाळ्यात, मी निघायच्या आदल्या दिवशी.

दुपार कलली होती. निरोप घ्यायला गेले तर ती ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. मानेतली नळी निघाली होती, तिथे एक काळा डाग राहिला होता. अंग एवढंसं झालं होतं. वळचणीची इरली खाली काढून शेजारी रचलेली. मांडीवर त्यातलंच एक, वरून उघडं. पायरीजवळ घमेल्यात पाणी होतं आणि पाण्यात पट्ट्या. डावा हात तिने पदरात घेऊन बाजूला ठेवला होता, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

मी उद्या जाणार म्हणून सांगितलं. नवीन गाव, होस्टेल, पहिली परीक्षा कधी, हे सगळं सांगितलं, भीती वाटते हेही सांगितलं. ती ऐकत होती. मला वाटलं ती आता म्हणेल, जोर लाव. ते तिने म्हटलं नाही. घमेल्यातली एक पट्टी काढून निथळत धरली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "जा, पाणी आण."

घरात माठ भरलेला होता. तो मला दिसत होता, तिलाही दिसत होता. मी तिच्याकडे बघितलं. ती पट्टीकडे बघत होती, आणि अर्धा दात किंचित दिसत होता.

मी कळशी घेऊन टाकीवर गेले. कळशी भरली तरी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. मग चालत आले, धावले नाही, पाणी सांडलं नाही. ओट्यावर आले तर माथा बांधून झाला होता. ओली पट्टी दोन फेर घेऊन आत गेलेली. काकीने इरलं माझ्यापुढे धरलं आणि पदराचं टोक कपाळावरून फिरवून मला दाखवलं.

"बघ," ती म्हणाली, "घाम नाय."